फायर स्टेशनातल्या साहेबांना बोलायचं ट्रेनिंग कसं द्यायचं (जुने, नवे सगळे एकत्र बसवून)

कोकणातलं नगरपरिषदेचं फायर स्टेशन म्हणजे काय असतं ते आतल्या माणसाला सांगायला नको. एखाद-दोन बंब, शिफ्टला मोजकी माणसं, त्यात एक ड्रायव्हर असा की तालुक्यातली प्रत्येक पाखाडी (अरुंद वाट) त्याला पाठ, एक लीडिंग फायरमन रिटायरमेंटला टेकलेला, चारेक पोरं ठेकेदाराकडची, आणि या सगळ्यांच्या वर नागपूरच्या फायर कॉलेजातून कोर्स करून आलेला तिशीतला सब ऑफिसर. नाहीतर बरोबर उलट, पन्नाशी ओलांडलेला स्टेशन ऑफिसर आणि त्याच्या हाताखाली सांताक्रूझच्या फायर अकॅडमीत ६ महिन्यांचा कोर्स करून आलेली मुलं. मग कुरबुरी चालू होतात. वरचे म्हणतात ही पोरं प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारतात, खालचे म्हणतात साहेबांना ओरडल्याशिवाय बोलताच येत नाही, आणि मग वरून कुणीतरी कागद काढतं की "जनरेशन गॅप" वर एक ट्रेनिंग घ्या.

ते ट्रेनिंग ज्याच्या गळ्यात पडतं त्याच्यासाठी हे लिहितोय. नगरपरिषद असो, एमआयडीसीचं स्टेशन असो की लोटे, महाड, रोहा इकडच्या एखाद्या कंपनीची स्वतःची फायर टीम असो, पद्धत साधारण तीच राहते.

आधी पिढ्यांच्या पाट्या काढून ठेवा

बाहेरचे ट्रेनर येतात ना, ते पहिल्या स्लाईडवर चार रकाने काढतात, बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी, आणि प्रत्येकाखाली स्वभाव लिहितात, याला फोन आवडतो त्याला मेसेज आवडतो वगैरे. हे करू नका. एक तर ते रकाने अमेरिकेत तिथल्या लोकांवरून पाडलेले, आपल्याकडे १९७० ला जन्मलेला राजापूरचा माणूस आणि तिकडचा माणूस यांचं लहानपण एक कसं असेल. आणि दुसरं म्हणजे तिकडच्याच नॅशनल अकॅडमीजनी (तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थांनी) २०२० मध्ये या विषयावर अख्खा अहवाल काढून सांगितलंय की कामाच्या ठिकाणी माणसं हाताळताना या पिढीच्या पाट्यांना काही भक्कम आधार नाही, माणसामाणसातला फरक पिढीपिढीतल्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणजे ज्यांनी पाट्या लावल्या तिकडूनच त्या काढा म्हणून सांगणं आलंय.

मग भांडण कशाचं आहे? माझं मत स्पष्ट आहे. आपल्या कामात बोलायच्या दोन तऱ्हा आहेत, एक वर्दीवरची (वर्दी म्हणजे आगीचा-अपघाताचा आलेला कॉल) आणि एक स्टेशनातली. वर्दीवर बोलणं छोटं, हुकमी, का-कशाला नाही, समोरच्याने परत म्हणून दाखवायचं आणि कामाला लागायचं. स्टेशनात बोलणं लांब, कारणासकट, दुसऱ्याला विचारायची मुभा देऊन. जुने साहेब वर्दीवरचा आवाज स्टेशनात घेऊन बसतात, रजेचा अर्ज आला तरी पंपावर उभं असल्यासारखे बोलतात. नवी पोरं स्टेशनातलं बोलणं वर्दीवर घेऊन जातात, धूर निघतोय आणि हा विचारतोय सर पण इकडूनच का. दोघांनाही वाटतं समोरच्याची पिढीच तशी. तर ट्रेनिंगचं काम एवढंच की ऑफिसरला या दोन तऱ्हा वेगळ्या करता आल्या पाहिजेत आणि एकीतून दुसरीत जाताना तसं सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं याच्याच भोवती.

कधी घ्यायचं, कुणाला बसवायचं

एप्रिलमध्ये घेऊ नका. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह, शाळांत डेमो, त्यात वणव्यांचा सीझन, सड्यावरचं गवत पेटून आंब्या-काजूच्या बागेत घुसलेलं असतं, माणसं दमलेली असतात. पावसाळ्यात पूर आणि दरडी, त्यानंतर गणपती. दसऱ्यानंतर ते डिसेंबरपर्यंतचा काळ चांगला.

आणि स्टेशन रिकामं करून तालुक्याच्या हॉलमध्ये सगळ्यांना नेता येत नाही हे गृहीत धरा. शिफ्टवरच घ्या, दीड-दोन तासांचे तुकडे पाडून, बंब दाराशी तयार. मध्येच वर्दी आली तर ट्रेनिंग थांबवायचं आणि परत आल्यावर त्याच वर्दीवर बोलायचं, याच्यापेक्षा चांगली केस स्टडी पैसे देऊन मिळत नाही.

नाव "मॅनेजरांचं ट्रेनिंग" असलं तरी नुसते ऑफिसर बसवले तर दिवस फुकट. ते एकमेकांत माना डोलवतात आणि निघून जातात. प्रत्येक ऑफिसरबरोबर त्याच्या हाताखालचा एक माणूस बसवा, शक्यतो वयात भरपूर फरक असलेला. ड्रायव्हर तर पाहिजेच. कुणाला विचारलं नाही तरी चालेल पण ड्रायव्हरला विचारा.

पहिला तुकडा: वायरलेस

सुरुवात वायरलेसपासून करा कारण इथे कुणाचा अहंकार आड येत नाही, सगळेच थोडे थोडे चुकतात. दोघांना दोन खोल्यांत बसवा, हातात वॉकीटॉकी. एकाकडे कागदावर होज लाईनचा आराखडा, बंब कुठे, कुठल्या डिलिव्हरीतून (पंपाच्या पाणी सोडायच्या तोंडातून) लाईन, डिव्हायडिंग ब्रीचिंग (एका लाईनच्या दोन करणारा जोड) कुठे, ब्रांच (होजच्या टोकाचं पाणी मारायचं नोझल) किती. त्याने फक्त बोलून सांगायचं, दुसऱ्याने कोऱ्या कागदावर काढायचं. पहिल्या खेपेला दुसऱ्याने काही विचारायचं नाही. दुसऱ्या खेपेला प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचं. दोन्ही कागद शेजारी ठेवले की भाषण द्यावं लागत नाही.

मग सवयी घोटून घ्यायच्या. बटण दाबून एक सेकंद थांबून मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि आपल्याकडे तो पहिला शब्द बरेचदा "नको" असतो. ज्याला हाक मारतोय त्याचं नाव आधी, आपलं नंतर. आणि "ओके", "रॉजर", "हो साहेब" हे उत्तर धरायचं नाही. समोरच्याने काय ऐकलं ते त्याच्या तोंडून आलं पाहिजे: "ब्रांच दोन, मागच्या दाराने आत, समजलं". हे परत म्हणणं जुन्या लोकांना सुरुवातीला पोरखेळ वाटतं, वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला पाढे म्हणायला लावल्यासारखं. त्यांना सांगायचं की हे पोराची परीक्षा घ्यायला नाहीये, तुमचा हुकूम नीट पोचला याची पावती आहे. पावती म्हटलं की पटतं.

आकडे हा तर स्वतंत्र तास आहे. मराठीत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, खरखरीतून सगळे एकसारखे. सात आणि साठ, आठ आणि साठ. त्यामुळे वायरलेसवर आकडा सुटा सुटाच बोलायचा, पाच-नऊ, सहा-शून्य. हायवेचा किलोमीटर असो की सिलिंडरचा बार (हवेचा दाब). हे का, तर टँकरवरच्या यूएन नंबरचं (आत कुठला माल आहे ते सांगणाऱ्या चार आकड्यांचं) उदाहरण द्या. १०७५ म्हणजे एलपीजी, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. तिघंही आपल्याकडचेच पाहुणे: एलपीजीचे टँकर मुंबई-गोवा हायवेवर दिवसरात्र, अमोनिया बंदराजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत आणि मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, क्लोरीन पाणी शुद्धीकरणाला. एलपीजी हवेपेक्षा जड, उताराने खाली जाऊन वहाळात, गटारात साचतो, तिथे पेटायचं कारण सापडलं की संपलं. अमोनिया हवेपेक्षा हलका, पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून पाण्याचा पडदा धरतात. क्लोरीन पुन्हा जड आणि विषारी. म्हणजे मधला एक आकडा चुकला तर बंब कुठे उभा करायचा, माणसं चढावर न्यायची की नाही, खालची वाडी रिकामी करायची का, सगळंच बदलतं. हे फळ्यावर लिहून दाखवलं की सुटे आकडे बोलायला कुणी कुरकुर करत नाही, ना जुना ना नवा.

बोलीभाषेचंही आत्ताच काढा. सिंधुदुर्गात शिफ्टवर मालवणी चालते, छानच आहे, पण "हंय" (इथे) आणि "थंय" (तिथे) वायरलेसवर एकच ऐकू येतं, आणि साहेब जर घाटावरून बदली होऊन आलेला असेल तर तो दोन्हीला मान हलवतो. इकडे-तिकडे, डावा-उजवा हे सगळं बंद. कुणाचं डावं? त्यापेक्षा रस्ता बाजू, समुद्र बाजू, डोंगर बाजू, नदी बाजू असं ठरवून टाका, कोकणात कुठेही उभं राहिलं तरी यातल्या दोन तरी बाजू कळतातच. वर्दीवर पोचल्यावर ऑफिसरने पहिल्या निरोपातच बाजूंची नावं सांगून टाकायची.

घाटात, खोऱ्यात वॉकीटॉकी पोचत नाही, डोंगर मध्ये आला की गेलं. तिथे मध्ये चढावर एक माणूस निरोप पुढे द्यायला उभा करायचा, आणि त्याने ऐकलं तेच शब्द पुढे टाकायचे, स्वतःचं तात्पर्य नाही. याचीही प्रॅक्टिस करा, तीन माणसांची साखळी लावून. मजा येते आणि बोध पण होतो.

व्हॉट्सॅपचं काय करायचं

यावर जुन्या-नव्यांचं सगळ्यात जास्त वाजतं, म्हणून नियम कागदावर आणा. निघण्याआधी लोकेशन, फोटो, टँकरच्या पाटीचा फोटो, कुठला रस्ता बंद आहे, याला व्हॉट्सॅप उत्तम, जुन्या साहेबांनी ते नाकारू नये. पण घटनेच्या जागी हुकूम ग्रुपवर द्यायचा नाही. निळी टिक म्हणजे पावती नाही, मोबाईल खिशात आणि हातात ब्रांच असलेल्या माणसाला निळी टिक कुठून येणार. व्हॉइस नोट तर अजिबात नको. आणि स्टेशनात कुणाची चूक ग्रुपवर काढायची नाही, हा नियम ऑफिसरसाठी, पोरांसाठी नाही. सगळ्यांदेखत फॉरवर्ड केलेला तो एक मेसेज सहा महिने पुरतो.

दुसरा तुकडा: खालच्याने वर बोलणं

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून याला वेळ भरपूर ठेवा. दोन गोष्टी सांगून सुरू करा.

पहिली आपल्या घरचीच. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन बोट. सप्ताहात आपण दर वर्षी ज्यांना मानवंदना देतो ते ६६ अग्निशमन जवान त्या दिवशी गेले. बोटीत कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, आणि धोक्याचा माल असल्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, पहिला स्फोट चार वाजून गेल्यावर. मधले दोन तास तिथे जाणकारांची कमी नव्हती, बोटीचे अधिकारी, बंदराचे अधिकारी, स्फोटकांचे जाणकार, फायर ब्रिगेड, सगळे होते. बोट बाहेर न्यायची का, जागीच बुडवायची का, नुसतं पाणी मारत राहायचं, प्रत्येकाचं मत होतं पण शेवटचा शब्द कुणी टाकला नाही. सप्ताहाच्या भाषणात शौर्य सांगतात, सांगायलाच हवं, पण ट्रेनिंगला हा दोन तासांचा भाग घ्या आणि विचारा, तुम्ही तिथे सब ऑफिसर असता तर कुणाला काय विचारलं असतं.

दुसरी विमानाची. २७ मार्च १९७७, टेनेरिफ विमानतळ, धुक्यात दोन जंबो धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमधल्या फ्लाईट इंजिनियरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवरून हटलेलं नाही. त्याने विचारलंही. कॅप्टन अनुभवी, कंपनीत मोठं नाव, त्याने ठामपणे उडवून लावलं, आणि पुढे कुणी बोललं नाही. त्यातच रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले आणि महत्त्वाचा निरोप रेडिओच्या कर्कश आवाजात बुडाला. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ ला नासाने बैठक घेतली आणि तिथून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं ट्रेनिंग आलं, कॅप्टनला ऐकायला आणि बाकीच्यांना बोलायला शिकवणारं. पुढे तिकडच्या फायर सर्व्हिसनेही ते उचललं. आपल्याला त्यातलं एकच हत्यार पुरे.

ते म्हणजे पाच तुकड्यांचं वाक्य. हाक, मला काय वाटतंय, काय दिसतंय, काय करू या, आणि होकार. आंब्याच्या पेट्यांचं आणि पेंढ्याचं गोडाऊन पेटलंय, जुनं कौलारू, आत दोघं गेलेत, बाहेरच्या पोराला दिसतंय की डोंगर बाजूचं छप्पर बसायला लागलंय. त्याने म्हणायचं: "साहेब, मला धोका वाटतोय, डोंगर बाजूचे वासे खाली आलेत, आतल्या दोघांना बाहेर घेऊ या, घेऊ ना?" एका दमात होतं. यात साहेबाचा अपमान नाही, हुज्जत नाही, आणि शेवटच्या "घेऊ ना?" मुळे साहेबाला उत्तर द्यावंच लागतं, नुसतं हुं करून भागत नाही.

पोरांना हे वाक्य शिकवणं सोपं आहे. खरं ट्रेनिंग साहेबाचं, की असं वाक्य आलं की त्याने काय करायचं. त्याच्याकडे तीनच उत्तरं ठेवा. "बरोबर, बाहेर घ्या." "नाही, कारण मला समोरून अमुक दिसतंय, आतच राहू दे." "थांब, मी बघून सांगतो", आणि मग खरंच लगेच बघायचं. "तुला काय कळतंय" हे चौथं उत्तर फळ्यावर लिहून त्यावर काट मारा, लोक हसतात, पण त्यांनाही माहीत असतं हेच जास्त वेळा तोंडात येतं. आणि एक सूट सगळ्यांना, अगदी ठेकेदाराच्या नव्या पोरालाही: जिवाला धोका दिसला तर "थांबा" असा एक शब्द कुणीही ओरडू शकतो आणि सगळे थांबणार, चुकीचं ठरलं तरी त्याला बोल लावायचा नाही. ही सूट ऑफिसरने स्वतःच्या तोंडाने, रोल कॉलला, सगळ्यांसमोर दिली पाहिजे. ट्रेनरने दिलेली कुणी खरी मानत नाही.

भूमिका बदलून करून घ्या. स्टेशन ऑफिसरला ब्रांचमन (ब्रांच धरणारा) करा, बीए मास्कच्या (धुरात सिलिंडरची हवा घ्यायच्या मास्कच्या) काचेला आतून कागद लावा म्हणजे दिसणार नाही, आणि सगळ्यात लहान मुलगा इनचार्ज. आंधळेपणी आत गेल्यावर बाहेरून नुसतं "पुढे जा, पुढे जा" ऐकू आलं की काय होतं ते साहेबाला पाच मिनिटांत कळतं. त्याच दमात हवेचा हिशोब घ्या. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला म्हणजे १८०० लिटर हवा, मिनिटाला ४० लिटर धरली तर कागदावर ४५ मिनिटं, पण होज ओढत जिना चढणारा माणूस त्यापेक्षा जास्त ओढतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते साधारण ५० ते ५५ बारला, म्हणजे सातेक मिनिटांची हवा. शिट्टी ही बाहेर असण्याची वेळ आहे, निघण्याची नाही. त्यामुळे ऑफिसरने "ठीक आहेस ना?" असं विचारायचंच नाही, याला प्रत्येक जण, विशेषतः जुना जाणता, हो म्हणतो. "बार किती?" असं विचारायचं. आकडा आला पाहिजे, सुटा सुटा.

कोण कुणाला काय म्हणणार

हे छोटं वाटतं पण इथे गाडी अडते. २८ वर्षांचा सब ऑफिसर आणि ५४ चा लीडिंग फायरमन. त्यात कोकणात कोण कुणाचा मामा, कोण कुणाचा भावोजी निघेल सांगता येत नाही, एका वाडीतले दोघं एकाच शिफ्टला असतात. स्टेशनात नव्या ऑफिसरने वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहोच करावं, काका म्हटलं तरी पद खाली येत नाही. पण वर्दीवर नाव नाही, नातं नाही, काम हेच नाव: पंप, ब्रांच एक, ब्रांच दोन, कंट्रोल. "पंप, प्रेशर वाढवा" म्हटलं की त्यात काकाही नाही आणि अरे-तुरेही नाही, कुणाला लागत नाही. परत आल्यावर पुन्हा काका. जुन्या ऑफिसरांसाठीही हेच उलट बाजूने, वर्दीवर आवाज चढला तर चढू दे, पण बंब आत लागला की तो आवाज खाली आलाच पाहिजे, आणि न आल्यास त्यांना आठवण करून द्यायला शिफ्टमधलाच एखादा समवयस्क नेमून ठेवा.

जुन्यांच्या डोक्यातलं कागदावर

आपल्याकडे पत्ता म्हणजे वाडी, आणि मधली वाडी, खालची वाडी, गावठाण ही नावं तर गावोगाव तीच. फोनवर घाबरलेला माणूस "मधल्या वाडीत वणवा लागलाय" एवढंच सांगतो. नवीन पोरगा मॅप उघडतो, मॅप त्याला अशा पाखाडीत नेतो जिथे सायकल जाईल पण वॉटर टेंडर (पाण्याचा बंब) नाही. जुन्या ड्रायव्हरला माहीत असतं की पुढच्या साकवावर (छोट्या पुलावर) लोड चालत नाही, देवळामागून फिरून जावं लागतं, आणि मे महिन्यात कुठल्या विहिरीला पाणी असतं. हे ज्ञान तो रिटायर झाला की त्याच्याबरोबर घरी जातं.

तर ट्रेनिंगचा एक तुकडा असा ठेवा: ड्रायव्हर बोलणार, नवीन पोरगा मोबाईलच्या नकाशावर खुणा करणार आणि एक कागदी प्रतही काढणार, आणि ऑफिसरने फक्त प्रश्न विचारायचे. ऑफिसरसाठी हा ऐकायचा व्यायाम आहे. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज दिसते, आणि स्टेशनला नकाशा मिळतो तो वेगळा.

मात्र अनुभव सांगायची पण एक पद्धत लावून द्या. "२००५ ला पाणी इथवर आलं होतं, याच्या वर येत नाही" असं चिपळुणात किती जणांनी ऐकलं असेल. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. खूण खोटी नव्हती, पण ती त्या वर्षीची होती, तेवढ्या पावसाची, तेवढ्या भरतीची. म्हणून जुन्याने अनुभव सांगताना परिस्थितीसकट सांगायचा, तेव्हा पाऊस किती तास होता, भरती होती की ओहोटी, आधीचे दिवस कोरडे होते का. आणि नव्याने "आता काय वेगळं आहे?" हे विचारायचं. हा प्रश्न उद्धटपणा धरायचा नाही असं आधीच जाहीर करून टाका.

तिसरा तुकडा: स्टेशनातलं बोलणं

इथे विषय घ्या गणपतीच्या रजेचा. खोटी केस बनवायची गरजच नाही. सगळ्यांना पाच दिवस पाहिजेत, गौरीला तर हव्यातच, शिमग्याला पुन्हा तेच, आणि हायवेवर नेमकी त्याच दिवसांत चाकरमान्यांची गर्दी. ऑफिसरने शेवटच्या आठवड्यात यादी चिकटवली की भांडण ठरलेलं. करून घ्यायची प्रॅक्टिस अशी: निर्णय काय, कारण काय, कुठपर्यंत बदल होऊ शकतो आणि कुठपासून नाही, हे चार वाक्यांत तोंडी सांगणं, मग प्रश्न घेणं, मग फळ्यावर लिहिणं. जुन्या ऑफिसरांना कारण सांगणं म्हणजे कमीपणा वाटतो. त्यांना म्हणावं, वर्दीवर तुम्हाला कुणी का विचारू नये असं वाटत असेल तर स्टेशनात का चं उत्तर देऊन ठेवा. नव्या ऑफिसरांची खोड वेगळी, ते सगळ्यांना विचारत बसतात आणि निर्णयच देत नाहीत, आणि हाताखालचे जुने लोक तेवढ्यात आपापलं ठरवून मोकळे होतात.

चूक सांगायची ती एकट्याला, त्याच शिफ्टमध्ये, काय दिसलं ते सांगून. "तू नेहमीच असा" नाही, "आज ब्रांच बंद न करता होज सोडलास" असं. बस, यावर जास्त तासलं की लोक झोपतात.

वर्दीनंतरची बैठक

याची सवय लागली तर बाकी सगळं विसरले तरी चालेल. अमेरिकन सैन्याने १९७० च्या दशकात सुरू केलेली पद्धत आहे, चार प्रश्न: काय करायचं ठरलं होतं, झालं काय, फरक का पडला, पुढच्या वेळी काय ठेवायचं आणि काय बदलायचं. होज धुवून वाळत घातले, चहा आला, वडापाव आला की तिथेच बसायचं. शिफ्ट सुटायच्या आत, वीस मिनिटं पुरे. नियम दोनच. सगळ्यात कनिष्ठ माणूस पहिला बोलणार, ऑफिसर सगळ्यात शेवटी, कारण साहेब एकदा बोलले की बाकीच्यांचं तेच मत होतं. आणि इथे बोललेलं शिस्तीच्या कारवाईला वापरायचं नाही. ठरलेला एक बदल ऑकरन्स बुकशेजारी (स्टेशनच्या घटनांच्या नोंदवहीशेजारी) वेगळ्या वहीत लिहून ठेवायचा, नाव न लिहिता. छोट्या वर्दीलाही करा, विहिरीत पडलेली गाय काढली तरी करा, कारण मोठ्या घटनेनंतर माणसं थकलेली आणि हललेली असतात, तेव्हा नवीन सवय लागत नाही. मृत्यू पाहिलेला असेल तर त्या दिवशी हे चार प्रश्न बाजूला ठेवा, माणसांना आधी घरी जाऊन जेवू द्या.

लागू पडलं का ते कसं बघायचं

फीडबॅक फॉर्म भरून घेऊ नका, सगळे "उत्तम" लिहितात आणि चहाची सोय छान होती असंही लिहितात. महिन्याभराने एका ड्रिलला वायरलेस ऐकत बसा आणि मोजा, दहा हुकमांतले किती परत म्हणून आले. वही उघडून बघा, बदल लिहिलेत का आणि ते सगळे एकाच हस्ताक्षरात तर नाहीत ना. आणि शिफ्टमधल्या सगळ्यात लहान मुलाला एकट्याला विचारा, गेल्या महिन्यात साहेबांना कधी "थांबा" किंवा "मला धोका वाटतोय" म्हणालास का, आणि मग काय झालं. तो जर म्हणाला की तशी वेळच आली नाही, तर दुसरा तुकडा परत घ्या.

मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी, वायरलेस आणि साखळीचा तास पुन्हा करा, तोवर बऱ्याच सवयी सुटलेल्या असतात. आणि मध्येच बदली होऊन नवा ऑफिसर आला तर त्याला फाईल द्यायच्या आधी दोन दिवस ड्रायव्हरशेजारी बसवून तालुका फिरवा, वाडीवाडीचे रस्ते, पाण्याच्या जागा, वायरलेस कुठे मरतो त्या जागा. त्या फेरीत त्याने खुणा लिहून घ्यायच्या, हुकूम एकही द्यायचा नाही.